ब्रोकरेज खात्यातली रोकड: विमा कुठवर, व्याज किती, अर्ज कसा

अमेरिकेत नोकरीला लागलं की पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या मोठ्या बँकेत एक चेकिंग आणि एक सेव्हिंग्ज खातं उघडलं जातं. पगार तिथे येतो, भाडं तिथून जातं आणि उरलेले पैसे तिथेच वर्षानुवर्षं पडून राहतात. २०२३च्या जुलैपासून २०२४च्या सप्टेंबरपर्यंत अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, म्हणजे फेडचा, मुख्य दर ५.२५ ते ५.५० टक्के होता. त्याच काळात देशभरातल्या सेव्हिंग्ज खात्यांचा सरासरी दर मात्र अर्ध्या टक्क्याच्याही खाली होता. वीस हजार डॉलरवर ०.४ टक्के म्हणजे वर्षाला ८० डॉलर. चार टक्के मिळाले तर ८००. दोन्हींतला फरक म्हणजे मुंबईच्या विमान तिकिटाचा बराचसा भाग.

हे माहीत असूनही आपली माणसं पैसे ब्रोकरेज खात्यात, म्हणजे शेअर दलाल कंपनीकडच्या खात्यात, हलवत नाहीत, आणि त्यांची भीती मला समजते. ब्रोकरेज म्हटलं की शेअर बाजार डोळ्यांसमोर येतो. शिवाय सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी आपल्याच पैशांसाठी रांगा लावल्या. तेव्हा भारतात ठेवीवरचा विमा फक्त एक लाख रुपयांचा होता, फेब्रुवारी २०२०मध्ये तो पाच लाख झाला. हे पाहिलेला माणूस 'पैसे सुरक्षित आहेत ना?' हे आधी विचारणार आणि व्याजाचं नंतर. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

अमेरिकेत बँकेतल्या ठेवींचा विमा एफडीआयसी ही सरकारी संस्था उतरवते. १९३४मध्ये हा विमा सुरू झाला तेव्हा मर्यादा २,५०० डॉलर होती. आज ती एका ठेवीदाराला, एका बँकेत, एका मालकी प्रकारात अडीच लाख डॉलर आहे. नवरा-बायकोचं संयुक्त खातं असेल तर दोघांचे मिळून एका बँकेत पाच लाख. ब्रोकरेज कंपनी स्वतः बँक नसते, त्यामुळे तिच्याकडे ठेवलेल्या पैशाला हा विमा आपोआप लागू होत नाही. तो लागू होतो कंपनीने तुमची रोकड एखाद्या विमाधारक बँकेत नेऊन ठेवली तरच. या व्यवस्थेला स्वीप म्हणतात, आणि ज्या बँकांमध्ये पैसे जातात त्यांना प्रोग्राम बँका.

आज रात्री माझे पैसे नेमके कुठे झोपणार आहेत? खातं उघडण्याआधी हा एक प्रश्न विचाराच. खात्याच्या पानावर 'कॅश' एवढंच लिहिलेलं असतं, पण त्याचे अर्थ तीन होऊ शकतात. पहिला अर्थ, पैसे प्रोग्राम बँकेत ठेव म्हणून गेले आहेत. यावर एफडीआयसीचा विमा आहे. दुसरा, ते मनी मार्केट फंडात आहेत. हा म्युच्युअल फंडच असतो, तो आपली किंमत एक डॉलरवर स्थिर ठेवायचा प्रयत्न करतो आणि बहुतेक वेळा ते जमतं. पण सप्टेंबर २००८मध्ये लेहमन ही गुंतवणूक बँक बुडाल्यावर रिझर्व्ह प्रायमरी फंडाची किंमत ९७ सेंटवर आली होती. यावर एफडीआयसीचा विमा नाही. तिसरा, पैसे कंपनीकडेच शिल्लक म्हणून पडून आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला एसआयपीसीचं संरक्षण असतं. १९७०च्या कायद्याने आलेली ही संस्था ब्रोकरेज कंपनी बुडून ग्राहकांचे शेअर किंवा रोकड गायब झाली तर एकूण पाच लाख डॉलरपर्यंत भरपाई देते, त्यात रोकड जास्तीत जास्त अडीच लाख. गुंतवणुकीची किंमत घसरली तर ती काही देत नाही.

कंपनीगणिक हा मामला बदलतो. फिडेलिटीच्या साध्या ब्रोकरेज खात्यात रोकड सहसा मनी मार्केट फंडात जाते, तर त्यांच्याच कॅश मॅनेजमेंट खात्यात बँक स्वीपचा पर्याय मिळतो. व्हॅनगार्डमध्ये बँक स्वीपसाठी कॅश प्लस नावाचं वेगळं खातं आहे. श्वाबमध्ये रोकड आपोआप बँकेत जाते, पण त्या स्वीपचा दर फार कमी असतो आणि जास्त उत्पन्न हवं असेल तर मनी मार्केट फंड स्वतः विकत घ्यावा लागतो. 'ब्रोकरेजमध्ये ठेवले म्हणजे जास्त व्याज' हा समज इथेच फसतो. स्वीपचा दर कंपनी ठरवते आणि कधीही बदलते. आपल्या एफडीसारखा तो मुदतीपुरता बांधलेला नसतो. जानेवारी २०२५मध्ये बाजार नियामक एसईसीने याच स्वीपच्या कारभारावरून वेल्स फार्गोच्या दोन सल्लागार कंपन्या आणि मेरिल लिंच यांना एकूण सहा कोटी डॉलरचा दंड केला. तेव्हा जाहिरातीतला आकडा सोडा, ज्या खात्याचा अर्ज भरताय त्याच खात्याच्या स्वीपचा आजचा दर पाहा.

कोण पात्र, कोणती कागदपत्रं

वय १८ पूर्ण हवं (काही राज्यांत सज्ञान होण्याचं वय त्याहून जास्त आहे) आणि अमेरिकेतला राहता पत्ता हवा. टपाल पेटीचा नंबर पत्त्याच्या जागी चालत नाही. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असण्याची अट बहुतेक मोठ्या कंपन्यांत नाही, एच-१बी किंवा एल-१वरच्या माणसाला खातं मिळतं. मात्र व्हिसाचा प्रकार, त्याची मुदत आणि पासपोर्ट क्रमांक विचारला जातो. पॅट्रियट कायद्यामुळे नाव, जन्मतारीख, पत्ता आणि ओळख क्रमांक घेतल्याशिवाय कोणालाच खातं उघडून देता येत नाही.

ओळख क्रमांक म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर, एसएसएन. एच-४वर असलेल्या आणि कामाचा परवाना नसलेल्या जोडीदाराकडे तो नसतो, फार तर आयटीआयएन (फक्त करासाठीचा क्रमांक) असतो, आणि सगळ्याच कंपन्या आयटीआयएन स्वीकारत नाहीत. संयुक्त खातं काढायचं ठरलं असेल तर ही गोष्ट अर्जाआधी फोन करून विचारून घ्या. अर्ध्यावर अडकलेला संयुक्त अर्ज सोडवायला नव्या अर्जापेक्षा जास्त वेळ जातो.

पासपोर्ट, व्हिसाचं पान, आय-७९७ची (व्हिसा-अर्ज मंजुरीच्या नोटिशीची) प्रत, अलीकडची पेस्लिप, आणि घराचा करार किंवा वीज-गॅसचं बिल, एवढं स्कॅन करून जवळ ठेवा. सगळं लागेलच असं नाही. संगणकाला ओळख पटली तर खातं त्याच दिवशी उघडतं. नाही पटली तर हे कागद मागतात.

ओळख न पटण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे नाव. मराठी माणसाच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडून आलेलं असतं. एसएसएनच्या कार्डावर ते कधी मधलं नाव म्हणून येतं, कधी येतच नाही. लग्नानंतर पासपोर्ट बदलला पण एसएसएन माहेरच्या नावाचाच राहिला, हेही खूप घरांत दिसतं. अर्जात नाव एसएसएनच्या कार्डावर आहे अगदी तसंच लिहा, कारण तपासणी त्या नोंदीशी होते. दोन्ही कागदांवर आडनाव वेगळं असेल तर आधी सोशल सिक्युरिटी कार्यालयात नोंद दुरुस्त करून घ्या आणि मगच अर्ज करा. जन्मतारखेत आधी महिना, मग दिवस.

अर्ज भरताना

नोकरीची माहिती, मालकाचं नाव-पत्ता, वार्षिक उत्पन्न, एकूण संपत्ती हे प्रश्न येतात. नवख्या माणसाला ते खासगी वाटतात, पण ते नियमानुसार विचारले जातात. अंदाजे, पण खरे आकडे द्या. तुम्ही किंवा घरातलं कोणी ब्रोकरेज कंपनीत काम करता का, हाही प्रश्न असतो. तो घाईत 'नाही' म्हणून सोडू नका. जर्सी सिटीत आणि मॅनहॅटनमध्ये आपले कितीतरी लोक अशा कंपन्यांत नोकरी करतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांना बाहेर खातं उघडायला मालकाची लेखी संमती लागते.

खात्याच्या प्रकारात 'कॅश' निवडा. मार्जिन म्हणजे कर्जावर शेअर घेण्याची सोय. बचत ठेवायला तिची गरज नाही. ऑप्शन्सच्या चौकटीवर आणि शेअर उसने देण्याच्या योजनेवरही खूण नको. रोकड कुठे ठेवायची हा प्रश्न स्क्रीनवर आला तर थांबा, नावं नीट वाचा आणि बँक स्वीप हवी असेल तर तीच निवडा. नंतर बदलता येतं, पण सहसा कोणी बदलत नाही.

आता कराचा फॉर्म. इथे चुका सर्वांत जास्त होतात. करासाठी जो अमेरिकेचा रहिवासी आहे तो डब्ल्यू-९ देतो, जो नाही तो डब्ल्यू-८बेन. व्हिसावरून हे ठरत नाही, दिवसांच्या गणितावरून ठरतं: चालू वर्षातले सगळे दिवस, गेल्या वर्षातल्या दिवसांचा तिसरा हिस्सा, त्याआधीच्या वर्षातल्या दिवसांचा सहावा हिस्सा, यांची बेरीज १८३ झाली (आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस झाले) की तुम्ही रहिवासी. समजा कोणी एच-१बीवर पहिल्यांदाच १ ऑक्टोबरला आलं. त्या वर्षात त्याचे ९२च दिवस होतात, म्हणजे डिसेंबरपर्यंत तो साधारणपणे अनिवासीच. एफ-१वरच्या विद्यार्थ्यांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस या बेरजेत धरतच नाहीत, ओपीटीवर (शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) नोकरी सुरू झाली असली तरी. एसएसएन आहे म्हणून डब्ल्यू-९वर सही करणारे विद्यार्थी इथेच चुकतात. अनिवासीला बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर सर्वसाधारणपणे अमेरिकेचा आयकर नसतो, म्हणजे चुकीच्या फॉर्ममुळे नुकसानही त्याचंच. मात्र डब्ल्यू-८बेनवर खातं द्यायला काही कंपन्या तयार नसतात, हे धरून चला. डब्ल्यू-९मध्ये क्रमांक चुकला आणि नोंद जुळली नाही, तर २४ टक्के कर आधीच कापून घेतला जाऊ शकतो.

भरवशाच्या माणसाचं नाव मागणारा एक रकाना असतो. त्या व्यक्तीला खात्यातले पैसे काढता येत नाहीत. तुमच्याशी संपर्क होत नसेल किंवा फसवणुकीचा संशय आला तर कंपनी तिला फोन करते. वारसाचा रकाना वेगळा आहे. दोन्ही भरा. एकट्या राहणाऱ्या मुलामुलींनी तर नक्कीच.

खातं उघडल्यावर

बँकेचं खातं जोडा आणि आधी शंभरेक डॉलर पाठवून पाहा. पैसे आले, स्वीपमध्ये गेले आणि परत काढता आले, हे बघून मग मोठी रक्कम हलवा. नव्याने आलेल्या पैशावर काही दिवस काढण्याची बंदी असते, म्हणून भाड्याच्या तारखेच्या तोंडावर हे करू नका.

त्यानंतर स्टेटमेंटमध्ये पैसे कोणकोणत्या बँकांत गेले ती यादी शोधा. एफडीआयसीच्या बँकफाइंड पानावर प्रत्येक नाव तपासता येतं. मोठी रक्कम अनेक बँकांत वाटली जाते, त्यामुळे एकूण विमा अडीच लाखांच्या वर जाऊ शकतो. पण त्यातल्या एखाद्या बँकेत तुमचं आधीच खातं असेल तर दोन्ही रकमा एकत्र मोजल्या जातात. तिथे तुमचे स्वतःचे दोन लाख आहेत आणि स्वीपने आणखी दोन लाख पंचेचाळीस हजार नेऊन ठेवले, तर एकूण चार लाख पंचेचाळीस हजारांपैकी एक लाख पंच्याण्णव हजार विम्याबाहेर. ही बेरीज तुमच्यासाठी कोणी करून देत नाही. अनेक कंपन्या विशिष्ट बँक यादीतून वगळू देतात. ती सोय वापरा.

आणखी एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. एप्रिल २०२४मध्ये सिनॅप्स ही कंपनी दिवाळखोरीत गेली. ती बचतीची ॲप्स आणि बँका यांच्या मधल्या हिशोबाचं काम करायची. एक लाखाहून जास्त लोकांचे पैसे अडकले, आणि ॲपच्या नोंदी व बँकांतली रक्कम यांत साडेसहा ते साडेनऊ कोटी डॉलरच्या घरात तफावत निघाली. त्या ॲप्सवर एफडीआयसीचं नाव ठळक होतं. पण कुठलीही बँक बुडाली नव्हती, म्हणून विम्याची भरपाई मिळाली नाही. एफडीआयसी बँक बुडाल्यावर पैसे देते. मधल्या कंपनीचा हिशोब बिघडला तर देत नाही. म्हणून खातं जुन्या, नोंदणीकृत, एसआयपीसी सदस्य असलेल्या ब्रोकरेजकडेच उघडा आणि दर महिन्याचं स्टेटमेंट स्वतःकडे उतरवून ठेवा.

वर्षभर लागणार नसलेल्या पैशाला याच खात्यातून ब्रोकर्ड सीडी घेता येते. आपल्या एफडीची ती इथली बहीण: बँकेची ठेव, ठरलेली मुदत, ठरलेला दर, एफडीआयसीचा विमा. सहसा हजार डॉलरच्या पटीत मिळते. एफडीशी तिचे फरक मात्र लक्षात असू द्या. व्याजावर व्याज चढत नाही, ते रोकडीत जमा होतं. मुदतीआधी मोडता येत नाही, बाजारात विकावी लागते, आणि दर वाढलेले असतील तर तोटा होतो. 'कॉलेबल' लिहिलेलं असेल तर बँक ती मुदतीआधी परत घेऊ शकते, आणि बँक हे दर उतरल्यावरच करते, म्हणजे नेमकं तुम्हाला नको असताना. दर थोडा कमी असला तरी मी कॉलेबल नसलेलीच घ्यायला सांगते.

व्याज दहा डॉलर किंवा जास्त झालं की पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला १०९९-आयएनटी हा व्याजाचा कर-फॉर्म येतो. रहिवाशाला ते पगाराच्याच दराने करपात्र आहे, आणि न्यू जर्सीसारख्या राज्यात राज्याचा करही लागतो. घोषित दरातून हे वजा करूनच तुलना करा. मनी मार्केट फंडाचं उत्पन्न लाभांश म्हणून १०९९-डीआयव्हीवर येतं.

परत जाताना

भारतात परतायचं ठरलं की पत्ता बदलण्याआधी कंपनीला विचारा. काही कंपन्या भारतातल्या पत्त्यावर खातं चालू ठेवतात, काही नव्या व्यवहारांवर बंधनं घालतात, काही बंद करायला सांगतात. नातेवाइकाचा अमेरिकेतला पत्ता देऊन गप्प बसण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. परिस्थिती बदलल्यावर डब्ल्यू-९च्या जागी डब्ल्यू-८बेन द्यावा लागतो, आणि तो दर काही वर्षांनी नव्याने भरावा लागतो. परदेशात राहत असताना कमावलेली रक्कम तिथेच ठेवायला फेमा या भारताच्या परकीय चलन कायद्याची परवानगी आहे. पण भारतात सर्वसाधारण निवासी झालात की हे खातं आयकर विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवावं लागतं, आणि व्याजावर भारतात कर लागतो. ते दाखवलं नाही तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

वारशाचाही विचार करा. अमेरिकेत कायमचं वास्तव्य नसलेल्या परदेशी नागरिकाचा मृत्यू झाला, तर त्याच्या तिथल्या मालमत्तेपैकी ६० हजार डॉलरच्या वरच्या भागाला वारसा कर लागू शकतो. बँकेतली ठेव सर्वसाधारणपणे त्यात धरली जात नाही, मनी मार्केट फंडाचे शेअर धरले जातात. परतीचं तिकीट काढाल त्या आठवड्यात रोकड कुठल्या प्रकारात आहे ते पाहा, वारसाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच भरलंय का ते तपासा, आणि खात्याचा क्रमांक घरातल्या एका माणसाला लिहून द्या.