सेफोटॅक्सिम की सेफ्ट्रिॲक्सोन: पार्श्वभूमी

इंदूरच्या दवा बाजारात काउंटरवर हा प्रश्न नेहमीचा: "काका, सेफोटॅक्सिम नसेल तर सेफ्ट्रिॲक्सोन द्या. एकच आहे ना?" दोन्ही अँटिबायोटिक इंजेक्शनं, छोट्या कुप्यांत पांढरट-पिवळसर पावडर, नावंही जुळ्या भावांसारखी. पण चिठ्ठी तान्ह्या बाळाची असली की मी थांबवतो.

या दोघांचं सेफॅलोस्पोरिन घराणं इटलीच्या सार्डिनिया बेटावरचं. १९४५ मध्ये कॅलियारीला सांडपाणी समुद्राला मिळतं तिथून जुझेप्पे ब्रोत्झू यांनी एक बुरशी मिळवली. पुढे ऑक्सफर्डला एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी वेगळं केलं. १९६४ मध्ये या घराण्यातलं सेफॅलोथिन हे औषध बाजारात आलं. तिसऱ्या पिढीतली ही दोन औषधं १९८० च्या सुमाराची, त्यात सेफोटॅक्सिम थोरलं.

जंतू मारण्याची ताकद दोघांची जवळपास सारखीच. फरक आहे तो शरीरातल्या मुक्कामाचा. सेफोटॅक्सिम तासाभरात निम्मं होतं, म्हणून दर सहा-आठ तासांनी द्यावं लागतं. सेफ्ट्रिॲक्सोनला निम्मं व्हायला सात-आठ तास लागतात. बऱ्याच आजारांत दिवसातून एकदा पुरतं. नर्सचे हेलपाटे वाचतात, पेशंटच्या हाताला सुया कमी लागतात. टायफॉइडमध्ये ते इतकं रुळलं ते उगीच नाही.

पण इतका वेळ ते टिकतं, कारण रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतं. नवजात बाळाला कावीळ असेल तर तिथे बसलेलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, सेफ्ट्रिॲक्सोन हुसकावतं आणि सुटलेलं बिलिरुबिन मेंदूपर्यंत जाऊ शकतं. दुसरा धोका कॅल्शियमचा. रिंगर लॅक्टेटसारख्या सलाईनमध्ये कॅल्शियम असतं, त्याच्याशी जुळून सेफ्ट्रिॲक्सोनचा साका तयार होतो. दगावलेल्या नवजात बाळांच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत असा साका सापडला, तेव्हा २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला. म्हणून चिठ्ठीवर वय 'सहा दिवस' दिसलं आणि सेफोटॅक्सिम संपलेलं असलं, तर मी आधी डॉक्टरांना फोन लावतो. मनाने बदली औषध देणं मला कधीच पटलेलं नाही.

एका बाबतीत मात्र दोन्ही खरंच एक आहेत. दोघांनाही तोडणारं एक एन्झाइम जंतूंनी कमावलंय, सीटीएक्स-एम. त्यातलं सीटीएक्स हे सेफोटॅक्सिमवरून, एम म्युनिकवरून. त्याचा पंधरावा प्रकार पहिल्यांदा सापडला तो १९९९ मधल्या दिल्लीच्या नमुन्यांत. कल्चरच्या रिपोर्टात 'ईएसबीएल पॉझिटिव्ह' आलं, म्हणजे जंतूंकडे असलं एन्झाइम आहे असं दिसलं, की अदलाबदलीचा प्रश्नच उरत नाही. दोन्ही कुप्या कपाटातच राहतात.