निद्राकारक औषधे

झोप आणणाऱ्या किंवा मेंदूची उत्तेजना उतरवणाऱ्या औषधांचा वर्ग. अस्वस्थता कमी करतात ती शामके आणि झोप आणतात ती निद्राकारके, असा भेद पाठ्यपुस्तकांत केलेला असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा औषध तेच असते, फक्त मात्रा वाढलेली असते.

जागे राहण्यासाठी मेंदूला सतत काम करावे लागते. मेंदूस्तंभ आणि हायपोथॅलॅमस (मेंदूच्या तळाशी असलेला एक छोटा भाग) यांतील पेशीसमूह नॉरएपिनेफ्रिन, सेरोटोनिन, हिस्टामिन, ओरेक्सिन अशी द्रव्ये सोडून बाकीच्या मेंदूला जागे ठेवतात. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातील काही पेशी गाबा नावाचे द्रव्य सोडून या समूहांना गप्प करतात, तेव्हा झोप लागते. पहिल्या महायुद्धाच्या काळात पसरलेल्या मेंदूज्वराच्या साथीत मेंदूतज्ज्ञ कोन्स्टान्टिन फोन एकोनोमो यांना या रचनेची पहिली चाहूल लागली. हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात इजा झालेले रोगी झोपूनच राहत आणि पुढच्या भागात इजा झालेल्यांची झोप उडे.

बहुतेक जुनी औषधे गाबाच्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरील ज्या प्रथिनाला गाबा चिकटतो त्यावर, काम करतात. गाबा-ए हा ग्राही पाच प्रथिन-उपघटकांच्या कड्यासारखा असतो आणि त्याच्या मधोमध क्लोराइड आयनांसाठी एक वाट असते. गाबा चिकटला की ती वाट उघडते, ऋणभारित क्लोराइड आत शिरतो आणि चेतापेशी सहजी संदेश पाठवेनाशी होते. डायझेपामसारखी बेंझोडायाझेपिने गाबाच्या जागी बसत नाहीत. ती शेजारच्या वेगळ्या खाचेत, अल्फा आणि गॅमा उपघटकांच्या सांध्यात, बसतात. त्यामुळे गाबा असताना ती वाट अधिक वेळा उघडते, पण गाबाच नसेल तर या औषधांना करण्यासारखे फारसे काही उरत नाही. बार्बिट्युरेटे ही त्यांच्याहून जुनी औषधे ती वाट अधिक काळ उघडी ठेवतात आणि मोठ्या मात्रेत तर गाबाची वाटही न पाहता स्वतःच उघडतात.

हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण त्यावर कित्येकांचे प्राण अवलंबून होते. 1903 मध्ये आलेल्या बार्बिटालपासून पुढची सुमारे पन्नास वर्षे झोपेची गोळी म्हणजे बार्बिट्युरेट हेच समीकरण होते. या औषधांची उपयुक्त मात्रा आणि श्वास बंद पाडणारी मात्रा यांत अंतर थोडे असे. 1960 मध्ये क्लोरडायाझेपॉक्साइड आणि 1963 मध्ये डायझेपाम ही बेंझोडायाझेपिने बाजारात आली, तेव्हा हा धोका बराच कमी झाला. मात्र दारू किंवा अफूजन्य औषधे सोबत घेतली की ही सुरक्षितता टिकत नाही, कारण तीही श्वसन दडपतात.

ग्राहीतला अल्फा उपघटक कोणता, यावरही परिणाम ठरतो. उंदरांच्या अल्फा-1 या प्रकारच्या उपघटकातील एकच अमिनो आम्ल बदलल्यावर डायझेपामने येणारी ग्लानी नाहीशी झाली, भीती कमी करण्याचा गुण मात्र शाबूत राहिला. झोल्पिडेम हे झोपेचे औषध मुख्यतः अल्फा-1 असलेल्या ग्राहींना चिकटते, म्हणून ते झोपेसाठीच अधिक वापरले जाते.

गोळीने आलेली झोप नैसर्गिक झोपेसारखी नसते. बेंझोडायाझेपिनांमुळे झोप लवकर लागते, पण गाढ मंदतरंगी झोप घटते आणि स्वप्ननिद्राही थोडी कमी होते. शिवाय ही औषधे नवी स्मृती नोंदवू देत नाहीत. मध्यरात्री आलेली जाग सकाळी आठवत नाही आणि रात्र छान गेली असे वाटते. रोज घेतल्यास ग्राही औषधाला सरावतात. मग अचानक थांबवले की निद्रानाश उसळून येतो, कधी आकडीही येते. म्हणून मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

इतर औषधांचा मार्ग वेगळा आहे. सर्दीवरची जुनी हिस्टामिनरोधके मेंदूतील हिस्टामिनचा जागवणारा संदेश अडवतात, म्हणूनच ती घेतल्यावर पेंग येते. मेलाटोनिन हे संप्रेरक आणि त्याच्यासारखे काम करणारे औषध रॅमेल्टिऑन मेंदूच्या घड्याळाला रात्र झाल्याचे कळवतात. त्यांचा झोपवण्याचा जोर मात्र सौम्य असतो. ओरेक्सिनचा शोध 1998 मध्ये लागला आणि त्याला रोखणारे सुवोरेक्सन्ट 2014 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते मेंदूला सरसकट दडपत नाही, जागे ठेवणारा एक आवाज तेवढा बंद करते.

औषध शरीरात किती काळ टिकते, हेही तितकेच महत्त्वाचे असते. झोल्पिडेमची रक्तातील पातळी साधारण अडीच तासांत निम्मी होते, डायझेपामला एक-दोन दिवस लागू शकतात. स्त्रियांच्या शरीरातून झोल्पिडेम सावकाश बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवतानाही अंमल उरू शकतो, हे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये त्यांच्यासाठी साध्या गोळीची शिफारस केलेली मात्रा 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणली.