फोनवरचा मोठा सिनेमा आणि विदर्भाचं ऊन

जून २०२५ मध्ये डॅनी बॉइल यांचा ‘२८ इयर्स लेटर’ प्रदर्शित झाला. त्याचं बहुतेक चित्रीकरण आयफोन १५ प्रो मॅक्सवर झालं होतं आणि बजेट होतं ६ ते ७.५ कोटी डॉलरच्या घरात, म्हणजे आपले पाचशे ते साडेसहाशे कोटी रुपये. ही बातमी ऐकून वावरात उभ्या असलेल्या पोरालाही वाटतं, कॅमेरा तर आपल्या खिशातच आहे. ते खरंही आहे. पण फोन वापरला म्हणून तो सिनेमा स्वस्तात झाला, हा समज चुकीचा आहे. तिथे फोन निवडला गेला तो वेगळ्याच कारणासाठी, आणि ते कारण कळायला वीसेक वर्षं मागं जावं लागतं.

बॉइल आणि छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल यांनी २००२ सालचा ‘२८ डेज लेटर’ मुख्यतः कॅनन एक्सएल १ या मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर केला होता. त्याच्या चित्रात जेमतेम ५७६ ओळी. त्या काळातही ३५ मिमी फिल्मपुढे हे चित्र फिकं होतं, आणि शेवटचा भाग त्यांनी फिल्मवरच घेतला. तरी छोटा कॅमेरा घेतला, कारण लंडनचे रस्ते पहाटे काही मिनिटांपुरतेच रिकामे मिळायचे. तेवढ्या वेळात अनेक कॅमेरे लावून, एकाच वेळी चालवून, उचलून पुढं जायचं होतं. २०२४ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमध्ये त्यांनी फोन घेतले तेही याच हिशोबाने. आठ, दहा आणि वीस फोन बसतील असे सांगाडे तयार केले गेले. वीस फोनांचा सांगाडा अर्धगोलात लावला की एकच हालचाल सगळ्या बाजूंनी एका झटक्यात टिपता येते. वीस सिनेमा कॅमेरे असे शेजारी शेजारी लावायची सोयच नसते. एकेका कॅमेऱ्याचं वजन आणि रुंदीच आडवी येते.

छोट्या कॅमेऱ्याची ही परंपरा आपल्याला अनोळखी नाही. मालेगावात २००० च्या आसपास नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर विडंबनपट काढले आणि ते गावच्या व्हिडिओ पार्लरमध्ये चालवले. फोन तिथपर्यंत पोचायला आणखी काही वर्षं लागली. सुरुवातीचे कॅमेरा फोन १७६ बाय १४४ ठिपक्यांचं, सेकंदाला १५ चौकटींचं चित्र द्यायचे. पडद्यावर टाकलं की त्यात माणसाचे डोळेही दिसत नव्हते. २००७ च्या नोकिया एन ९५ ने ६४० बाय ४८० आणि सेकंदाला ३० चौकटी दिल्या. याच फोनवर केरळमध्ये सतीश कळत्तिल यांनी ‘जलच्छायम्’ हा मल्याळी कथापट २०१० मध्ये केला. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत आर्यन कागानॉफ यांनी सोनी एरिक्सनच्या फोनवर ‘एसएमएस शुगर मॅन’ काढला होता. या सिनेमांचं महत्त्व चित्राच्या दर्जात नाही. पूर्ण लांबीचा सिनेमा या यंत्रावर तडीस जाऊ शकतो, एवढं त्यांनी दाखवून दिलं.

पुढचं वळण २०११ चं. कोरियाच्या पार्क चान-वूक आणि पार्क चान-क्योंग या भावांचा ‘नाइट फिशिंग’ हा अर्ध्या तासाचा लघुपट आयफोन ४ वर झाला आणि बर्लिनमध्ये त्याला लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं. पैसा केटी या दूरसंचार कंपनीचा होता. याच सुमारास फिल्मिक प्रो हे अॅप आलं, आणि आमच्या मते फोनवरच्या सिनेमाचा खरा इतिहास इथून सुरू होतो. तोवर फोन स्वतःच ठरवायचा: उजेड किती घ्यायचा, फोकस कुठं, पांढरा रंग कोणता. पात्र सावलीतून उन्हात आलं की शॉटच्या मधेच चित्र उजळायचं किंवा काळवंडायचं. ठिपके कमी होते म्हणून अडत नव्हतं, लगाम छायाचित्रकाराच्या हातात नव्हता म्हणून अडत होतं. अॅपने शटर (एका चौकटीला उजेड किती वेळ मिळतो ते), आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता), फोकस आणि चौकटींचा वेग कुलूपबंद करायची सोय दिली.

शॉन बेकर यांनी ‘टँजरिन’ (२०१५) तीन आयफोन ५ एस वर केला. बजेट साधारण एक लाख डॉलर. फिल्मिक प्रो, मूनडॉग लॅब्सचं अॅनामॉर्फिक भिंग आणि धक्के शोषणारा, हातात धरायचा छोटा स्टेडिकॅम, एवढंच विशेष सामान. ते भिंग चित्र आडवं १.३३ पट दाबून घेतं, आणि संकलनात ते परत ताणलं की १६ बाय ९ ची चौकट रुंद पडद्याची होते, वरखाली काप न देता. स्टीव्हन सोडरबर्ग यांनी २०१८ मध्ये ‘अनसेन’ आयफोन ७ प्लसवर आणि पुढच्या वर्षी ‘हाय फ्लाइंग बर्ड’ आयफोन ८ वर केला. तेव्हा मात्र पैशाची चणचण हे कारण उरलं नव्हतं, कॅमेरा भिंतीला टेकवून क्षणात जागा बदलता येते हे होतं. आपल्याकडे महेश नारायणन यांचा ‘सी यू सून’ २०२० च्या टाळेबंदीत आयफोनवर झाला, आणि विशाल भारद्वाज यांचा ‘फुरसत’ हा लघुपट २०२३ मध्ये आयफोन १४ प्रो वर.

मोठ्या बजेटला खरी वाट २०२१ आणि २०२३ या दोन वर्षांनी करून दिली. २०२१ मध्ये आयफोन १३ प्रो मध्ये प्रोरेस आलं, म्हणजे चित्र फारसं न दाबता नोंदवायची पद्धत. साध्या, दाबलेल्या एचईव्हीसी नोंदीत ४के, २४ चौकटींचं एक मिनिट सुमारे १३५ एमबीत मावतं, प्रोरेस एचक्यूमध्ये त्याच मिनिटाला ५ जीबीहून जास्त लागतात. दाबलेल्या नोंदीत आकाशाचा निळा रंग ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग जुळवताना, ओढला की पट्टे पडतात, प्रोरेसमध्ये ते सहसा पडत नाहीत. २०२३ च्या आयफोन १५ प्रो ने लॉग दिलं, म्हणजे उजेड आणि सावली दोन्हींतला तपशील राखणारं फिकट चित्र, आणि यूएसबी-सीमधून थेट बाहेरच्या एसएसडीवर नोंद करायची सोयही दिली. त्याच सप्टेंबरमध्ये ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अॅप फुकट मिळू लागलं, आणि २०२४ मध्ये ते अँड्रॉइडवरही आलं. प्रयोगशाळेत, मोठ्या ग्रेडिंग स्टुडिओत चालणारं साहित्य फोनमधून थेट निघू लागलं ते तेव्हापासून.

आता हेच यंत्र विदर्भात आणलं की काय होतं, ते तपशिलात सांगायला हवं, कारण यातलं काहीच कंपनीच्या जाहिरातीत नसतं.

पहिला शत्रू ऊन. अॅपल स्वतः सांगतं की आयफोन ० ते ३५ अंश हवेत वापरायचा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि नवतपाचे नऊ दिवस त्यातही वाईट. फोन तापला की आधी पडदा मंद होतो, म्हणजे उन्हात चौकट दिसेनाशी होते. मग चार्जिंग थांबतं, आणि शेवटी अॅपच बंद पडतं. लॉग आणि प्रोरेसमध्ये प्रोसेसरवर ताण जास्त, त्यात एसएसडी जोडलेली आणि वरून पॉवर बँक, म्हणजे तीन ठिकाणाहून उष्णता. उपाय साधे आहेत. कव्हर काढा. फोनभोवती धातूचा केज (सांगाडा) असेल तर त्याला सावली द्या, कारण उन्हात तो तव्यासारखा तापतो. शॉटच्या मधल्या वेळात चार्ज करा, शॉट चालू असताना नको. विमान मोड लावा, त्याने उष्णताही घटते आणि फोन आल्यामुळे नोंद तुटतही नाही. दोन फोन ठेवून पाळीपाळीने वापरा. तापलेला फोन सावलीत, पंख्यासमोर ठेवा. बर्फावर किंवा फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका: बाहेर काढताच भिंगाच्या आत बाष्प धरतं आणि सगळी सकाळ चित्र धुरकट येतं. वेळ ठेवायची ती सकाळी सहा ते साडेनऊ, आणि मग पाचनंतर.

दुसरी अडचण उजेडाची. फोनच्या भिंगाला छिद्र लहान करायची सोय नसते. आयफोन १५ प्रो चं मुख्य भिंग एफ १.७८ वर कायम उघडं (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं). लख्ख उन्हात आयएसओ ५० आणि शटर १/५० ठेवलं तर बरोबर उजेड एफ १६ वर मिळतो. १६ पासून १.७८ पर्यंत सहा स्टॉपांपेक्षा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) थोडा जास्त फरक, म्हणून ६४ पट उजेड अडवणारा एनडी फिल्टर लागतो. तो नसेल तर शटर सुमारे १/४००० वर जातं आणि चालणारं माणूस धक्के खात चालल्यासारखं दिसतं. बदलता एनडी स्वस्त पडतो, पण टोकाला फिरवला की रुंद भिंगात आकाशावर काळा फुलीसारखा डाग उमटतो, तेव्हा ठरावीक अंकाचा फिल्टर बरा. फुटलेल्या कापसाचं वावर तर स्वयंचलित एक्स्पोजरला पुरतं फसवतं: पांढऱ्या बोंडांमुळे फोन चित्र आवळतो आणि पऱ्हाटीत उभ्या बाईचा चेहरा काळा पडतो. एक्स्पोजर हाताने कुलूप करा, कापूस पांढराफटक होऊन तपशील जाणार नाही एवढंच उघडा, आणि चेहऱ्यावर थर्माकोलने उजेड परतवा. आपल्या सेटवर पिढ्यान् पिढ्या वापरलेला हा पांढरा पत्रा फोनच्या छोट्या सेन्सरला सगळ्यात जास्त मदत करतो.

रात्रीचं गणित वेगळं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २४ चौकटींवर शटर १/४८ ठेवलं तर चित्रात हळूहळू सरकणारे पट्टे येतात, १/५० किंवा १/१०० ठेवलं तर जातात. गावात लाइन गेल्यावर भाड्याचं छोटं जनरेटर लावलं की पट्टे परत येतात, कारण भार बदलला की त्याची फ्रिक्वेन्सी ५० वरून हलते. त्यापेक्षा बॅटरीवर चालणारे एलईडी वापरावेत. मांडवातल्या रंगीत माळांचा लुकलुक विजेच्या लाइनशी जोडलेला नसतोच, तिथं शटर बदलून दहा सेकंदांची चाचणी घेण्यावाचून इलाज नाही.

फोनची स्वतःची एक खोड आहे: मूळ कॅमेरा अॅप चौकटींचा वेग स्थिर ठेवत नाही. उजेड कमी झाला की ३० च्या २४ होऊ शकतात. मग वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज शॉटच्या सुरुवातीला जुळतो आणि पाच मिनिटांनी ओठांपासून सुटतो. स्थिर वेगाचं अॅप वापरा, रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा आणि दर शॉटला क्लॅप द्या. असं फुटेज आधीच झालं असेल तर संकलनाआधी ते स्थिर वेगात बदलून घ्या. आवाजाबाबत तडजोड करू नका, प्रेक्षक धूसर चित्र सोसतो, न कळलेला संवाद सोसत नाही.

सेन्सर ओळी वरून खाली एकेक करून वाचतो, म्हणून शंकरपटातल्या (बैलांच्या शर्यतीतल्या) धावत्या जोडीवर कॅमेरा जोरात फिरवला की धावपट्टीचे खांब वाकडे दिसतात. कॅमेरा स्थिर ठेवून जोडी चौकटीतून जाऊ द्या. बंडीवर (बैलगाडीवर) किंवा मोटरसायकलवर फोन थेट आवळू नका. मोटरसायकलच्या इंजिनाच्या सततच्या कंपाने भिंग सांभाळणारी यंत्रणा खराब होऊ शकते, असा इशारा अॅपलने २०२१ मध्येच दिला होता. बंडीच्या लोखंडी धावेचा हादराही कमी नसतो. बंडीत माणूस बसवून त्याच्या हातात गिंबल (फोन स्थिर धरणारा दांडा) द्या, शरीर धक्के खातं. जिनिंगमध्ये शूटिंग असेल तर रुईचे तंतू यूएसबीच्या खाचेत शिरतात आणि एसएसडीची जोडणी शॉटच्या मधे सुटते. खाचेवर कापडी टेप लावा.

एसएसडी निवडताना अॅपलची अट पाहा: ४के ६० साठी सेकंदाला किमान २२० एमबी लिहिण्याचा वेग, एक्सफॅट किंवा एपीएफएस फॉरमॅट, पासवर्डचं कुलूप नको, आणि केबल १० गिगाबिटची. फोनच्या डब्यातली केबल त्या वेगाची नसते, इथंच बहुतेकांचा पहिला दिवस वाया जातो. रोज दोन तास फुटेज धरलं तर सुमारे ६४० जीबी, वीस दिवसांत पावणेतेरा टीबी, आणि दोन प्रती म्हणजे त्याची दुप्पट. गावच्या नेटवरून हे वर चढवता येत नाही. संध्याकाळी दोन डिस्कवर उतरवायचं आणि त्या डिस्क दोन वेगळ्या घरी ठेवायच्या.

एवढं सगळं जमल्यावर थिएटरला लागणाऱ्या २के डीसीपीसाठी (सिनेमाच्या डिजिटल प्रतीसाठी) फोनचं ४के चित्र पुरेसं ठरतं. मोठ्या बजेटमधला पैसा मग दिवे, आवाज, वेशभूषा, माणसं आणि ग्रेडिंग यांत जातो.

उरतो तारखांचा प्रश्न, आणि तो पूर्व विदर्भात सगळ्यात अवघड. फोनला मानवणारी थंडी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण दिवाळीनंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो, आणि संवाद पेलणारे नट-नट्या रोज रात्रभर कुठल्यातरी गावच्या रंगमंचावर असतात. दिवसा त्यांना झोप हवी असते. त्यांच्यासोबत काम करायचं तर दुपारी तीन ते सहा एवढाच वेळ मागावा, नाहीतर होळीनंतर हंगाम ओसरला की मार्चच्या उरलेल्या दिवसांत, हरभरा-गहू निघत असताना, उन्हं चढायच्या आत त्यांचे प्रसंग सलग उरकून घ्यावेत.