निदान-चाचणी ट्रॉली

रुग्णाला चाचणीच्या खोलीत नेण्याऐवजी यंत्रच त्याच्या खाटेजवळ आणता यावे म्हणून चाकांवर बसवलेली उपकरणांची मांडणी. इसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) व इतर सोनोग्राफी, ईईजी (मेंदूच्या विद्युत संकेतांचा आलेख), नर्व्ह कंडक्शन (मज्जातंतूंच्या संदेशवहनाची चाचणी), स्पायरोमेट्री (श्वसनक्षमतेची चाचणी), नवजात बालकांची श्रवण-तपासणी, रक्तातील वायूंचे मापन अशा कितीतरी चाचण्या ट्रॉलीवरून होतात. काही यंत्रे ट्रॉलीसकट एकसंध बनवलेली असतात. फिरते क्ष-किरण यंत्र हे त्यांपैकीच. या नोंदीत विचार केला आहे तो बदलत्या ट्रॉलीचा, म्हणजे जिच्यावरचे यंत्र, मॉनिटर, प्रिंटर आणि ड्रॉवर गरजेप्रमाणे काढता-बसवता येतात तिचा.

यंत्र जुने होते, सॉफ्टवेअर त्याहून आधी जुने होते, पण पोलादी सांगाडा धडधाकटच राहतो. त्यामुळे रचना करताना ट्रॉलीचे दोन भाग मानलेले बरे. पाया, चाके आणि वीजपुरवठा यांना शक्यतो हात लावायचा नाही. त्यांच्या वरचे सगळे चार स्क्रू काढून बदलता आले पाहिजे. यासाठी नवे मोजमाप शोधण्याची गरज नाही. मॉनिटरच्या पाठीमागे 75 किंवा 100 मिमी. अंतरावर चार भोके असतात (वेसा मानक) आणि उपसाधने अडकवण्यासाठी युरोपात 25 × 10 मिमी. छेदाची पट्टी रूढ आहे. एवढी दोन मापे पाळली तरी बाजारातले बरेचसे सामान ट्रॉलीवर बसते. स्वतःचीच खास खाच असलेली ट्रॉली ‘बदलती’ म्हणून विकली जाते खरी, पण ती एकाच विक्रेत्याच्या सामानापुरती बदलती असते.

स्थैर्य : वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक (आयईसी 60601-1) सांगते, की नेण्या-आणण्याच्या स्थितीतले उपकरण 10 अंशांच्या उतारावर कलंडता कामा नये. गुरुत्वमध्य जमिनीपासून 90 सेंमी. उंच असेल तर तो कलंडण्याच्या कडेपासून आडव्या दिशेत निदान 16 सेंमी. आत हवा. ही कड म्हणजे शेजारशेजारच्या दोन चाकांना जोडणारी रेषा. मध्यापासून 30 सेंमी. लांबीचे चार पाय असतील तर ती सुमारे 21 सेंमी.वर येते, पाच असतील तर 24 सेंमी.वर, पंचपदी पाया लोकप्रिय आहे तो यामुळे. शिवाय फिरती चाके आतल्या बाजूला वळली की टेकण्याची जागा आणखी आत सरकते. म्हणून चाचणी नेहमी चाकांच्या सर्वांत वाईट स्थितीत, मॉनिटरचा हात पूर्ण बाहेर ओढून आणि ड्रॉवर भरून घ्यावी.

चाक लहान असले की ट्रॉली देखणी दिसते आणि लिफ्टच्या फटीत अडकते. 100 ते 125 मिमी. व्यासाची चाके बहुतेक उंबरे व फटी पार करतात. जड ट्रॉलीला, म्हणजे 45 किलोंच्या वर, ढकलण्यासाठी लागणाऱ्या बलावर याच मानकात 200 न्यूटनची मर्यादा आहे.

वीज : रचनेतला सर्वांत दुर्लक्षित भाग. ट्रॉलीवर तीन यंत्रे, त्यांना साधा एक्सटेन्शन बोर्ड आणि भिंतीत एकच प्लग, हे दृश्य सर्रास दिसते. प्रत्येक यंत्रातून अर्थिंगच्या तारेकडे थोडी गळती होतच असते. ती 300 मायक्रोअँपिअर धरली तर एकेक यंत्र निर्धोक ठरते. पण सामाईक प्लगची अर्थिंग तुटली, की दोनच यंत्रांचे मिळूनही 600 मायक्रोअँपिअर ट्रॉलीला हात लावणाऱ्याच्या शरीरातून वाहू शकतात. अशा बिघाडात मानकाला मान्य असलेली मर्यादा 500 आहे. यावर सरळ उपाय म्हणजे विलगक ट्रान्सफॉर्मर, म्हणजे यंत्रांना भिंतीतल्या विजेपासून वेगळे ठेवणारा ट्रान्सफॉर्मर. तो जड असतो, आणि तळाशी बसवला की स्थैर्याला मदतच करतो.

ईईजीसाठी मात्र या ट्रान्सफॉर्मरची जागा विचारपूर्वक ठरवावी लागते. हृदयाचा संकेत साधारण एक मिलिव्होल्टचा, तर डोक्याच्या त्वचेवर मिळणारा मेंदूचा संकेत काही दहा मायक्रोव्होल्टचा. ट्रान्सफॉर्मरजवळून इलेक्ट्रोडच्या तारा गेल्या, तर मुख्य विजेची 50 किंवा 60 हर्ट्झची गुणगुण आलेखावर उमटते.

बॅटरीबाबत एक खाचखळगा आहे. शिसे-आम्ल बॅटरीच्या जागी लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी बसवली, तर ती कितीतरी अधिक वेळा चार्ज होते आणि वजनही घटते. पण घटलेले वजन तळाचे असते. बॅटरी बदलल्यावर कलंडण्याची चाचणी पुन्हा घेतली पाहिजे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

वापरणाऱ्याचे शरीर : इको करताना रुग्ण डाव्या कुशीवर असतो. तंत्रज्ञ बहुधा त्याच्या उजव्या बाजूला बसून उजव्या हाताने प्रोब (रुग्णाच्या अंगावर टेकवायचा भाग) धरतो आणि डाव्या हाताने कळफलक चालवतो. पाय मोठे असलेली ट्रॉली खाटेच्या चाकांना अडली तर कळफलक वीतभर दूर राहतो आणि तंत्रज्ञ दिवसभर दोन्ही हात ताणून काम करतो. सोनोग्राफी करणाऱ्यांमध्ये खांदा, मान व मनगटाची दुखणी सर्रास आढळतात. त्यामुळे उंची बदलण्याइतकेच कळफलक आडवा सरकवणे व वळवणे महत्त्वाचे आहे, आणि हे एका हाताने जमले पाहिजे, कारण दुसरा हात रुग्णावर असतो. त्यापलीकडे आणखी सांधे वाढवू नयेत: प्रत्येक सांधा कालांतराने सैल होतो आणि पुसायला कठीण जातो.

इसीजीच्या ट्रॉलीवर खरी परीक्षा दहा तारांची. त्या गुंडाळून टोपलीत टाकल्या तर पुढच्या रुग्णापाशी आधी गुंता सोडवावा लागतो. रुग्णाच्या अंगावर पोचणारा, तारा टांगून ठेवणारा आडवा हात असला की तो वेळ वाचतो.

स्वच्छता : दर रुग्णानंतर जंतुनाशकाने पुसायचे असल्याने उघडे स्क्रू, फटी आणि वेल्क्रोच्या पट्ट्या टाळतात. काही जंतुनाशकांमुळे पॉलिकार्बोनेट व एबीएस प्लॅस्टिकला ताणाच्या जागी चिरा जातात, म्हणून प्लॅस्टिकची निवड रुग्णालयातील द्रावण पाहून करावी.

एमआरआय कक्षात पोलादी ट्रॉली नेता येत नाही. तिथे चुंबकीय क्षेत्रासाठी सुरक्षित किंवा सशर्त सुरक्षित अशी खूण असलेलीच सामग्री चालते. इतरत्र, नवे यंत्र बसवून ट्रॉलीची मांडणी बदलणारा विभाग त्या संपूर्ण जोडणीचा रचनाकार ठरतो. गळती व स्थैर्य यांची तपासणी त्याने नव्याने करून घ्यायची असते आणि एकूण वजनाची चिठ्ठी ट्रॉलीवर बदलायची असते.