वाळ्याची ताटी आणि मिथेनॉलचं इंजिन

"सर, हे गाडी दारूवर पळते म्हणतेत. खरं आहे का जी?"

ट्रॅक्टर-हार्वेस्टरच्या गॅरेजात काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. अमेरिकेतली ड्रॅग रेस चालू होती. दोन लांबट गाड्या शेजारी शेजारी उभ्या. हिरवा दिवा लागला की सरळ रेषेत सुटायचं, पाव मैल म्हणजे 402 मीटर पळायचं, की संपलं. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्या माणसाला ही शर्यत समजावून सांगावी लागत नाही. वळण नाही, वळसा नाही. जोडी सुटल्यापासून पोचेपर्यंत किती सेकंद लागले, एवढाच हिशेब.

"पेट्रोलमधी जोर जास्त असते ना? मंग हे कायले टाकते?"

प्रश्न बिनचूक होता. त्या गाडीत होतं मिथेनॉल, अल्कोहोलचाच एक प्रकार. एक किलो पेट्रोल जाळलं तर साधारण 44 मेगाज्यूल उष्णता मिळते, एक किलो मिथेनॉलमधून जेमतेम 20. निम्म्याहूनही कमी. तरीही सुपरचार्जर बसवलेल्या शर्यतीच्या इंजिनांत मिथेनॉल इतकं रुळलं आहे, की अमेरिकेत ड्रॅग रेस भरवणाऱ्या एनएचआरए या संस्थेनं त्यांच्यासाठी 'टॉप अल्कोहोल' नावाचे वेगळे गटच केले आहेत. त्या गटातली चांगली गाडी पाव मैल साडेपाच सेकंदांच्या आत उरकते.

याचं उत्तर लोहाराच्या भट्टीपाशी सापडतं. भट्टीत कोळसा कितीही रचा, भाता हलल्याशिवाय फाळ लाल होत नाही. जाळायला माल भरपूर असतो, कमी पडते ती हवा. इंजिनाचंही तसंच आहे. इंधन हवं तितकं ओतता येतं, पण सिलिंडरमध्ये हवा मावते ती ठरावीकच. सुपरचार्जर हा इंजिनाचा भाता. तो इंजिनाच्याच ताकदीवर पट्ट्यानं फिरतो आणि सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबतो.

भात्याशी त्याचं नातं खरोखरच जवळचं आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या रूट्स बंधूंनी 1860 साली या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि लवकरच ओतकामाच्या भट्ट्यांना वारा घालायला ते वापरलं जाऊ लागलं. पुढे जनरल मोटर्सच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनांवर ते बसलं. त्यातल्या एका इंजिनाचं नाव 6-71. सहा सिलिंडर, प्रत्येकी 71 घनइंच. भंगारात निघालेल्या अशा इंजिनांवरची ही यंत्रं, म्हणजे ब्लोअर, उचलून हौशी पोरांनी आपल्या गाड्यांवर चढवले, आणि ड्रॅग रेसिंगमध्ये '6-71' हे ब्लोअरचंच नाव होऊन बसलं.

आतली रचना माझ्या विद्यार्थ्याला दोन वाक्यांत कळली, कारण ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा गिअर पंप त्यानं कितीदा तरी खोलला आहे. एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रोटर, आणि त्यांच्या व घराच्या मधल्या पोकळीतून कडेकडेनं वाहून नेली जाणारी हवा. हा ब्लोअर स्वतःच्या पोटात हवा दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो. पुढे जागा अपुरी असते म्हणून तिथे दाब वाढतो. काम होतं, पण धसमुसळेपणानं, आणि त्या धसमुसळेपणाची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

आधी हवेचा हिशेब मांडू. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला 14.7 किलो हवा लागते. मिथेनॉलला सुमारे साडेसहा किलो पुरते, कारण त्याच्या वजनाचा निम्मा भाग ऑक्सिजनच आहे. ते आपला अर्धा भाता घरूनच घेऊन येतं. म्हणून इंधनाच्या किलोमागे नाही, हवेच्या किलोमागे किती उष्णता मिळते ते पाहायचं. पेट्रोलमधून जवळपास 3 मेगाज्यूल, मिथेनॉलमधून 3.1. म्हणजे वर दिसलेला निम्म्याचा तोटा इंजिनाला जाणवतच नाही. टाकी तेवढी लवकर रिकामी होते.

पण एवढ्याशा फरकासाठी कुणी सगळं इंजिन बदलणार नाही. खरी गोष्ट उष्णतेची आहे, आणि ती आपल्या भागातल्या माणसाइतकी कुणाला कळावी?

सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून पंप मारला की नळी तापते. हवा दाबली की तापतेच. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 अंशांवर असताना हवेचा दाब दुप्पट करायचा म्हटलं, तर जगातला सर्वांत निर्दोष पंपसुद्धा ती हवा 114 अंशांवर नेईल. रूट्सचा ब्लोअर ती सहज 150 अंशांच्या पुढे नेतो. उकळत्या पाण्याहून कितीतरी गरम हवा सिलिंडरमध्ये जाते, तिथे पिस्टन तिला आणखी दाबतो, आणि ठिणगी पडून पेटलेली ज्योत सगळीकडे पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपल्याआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. चढावर जास्त ओझं घेतलेल्या जुन्या मोटारसायकलीची जी टकटक ऐकू येते, तीच ही. सुपरचार्जरच्या इंजिनात ती टकटक काही सेकंद टिकली तरी पिस्टनला भोक पडतं.

आता कूलर आठवा. वाळ्याच्या ताटीवरून पाणी झिरपतं, पंखा गरम वारा तिच्यातून ओढतो, पाण्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती त्या वाऱ्यातूनच काढून घेतली जाते. खोलीत येणारा वारा दहा-बारा अंशांनी उतरतो. पाणी जळत नाही, फक्त उडून जातं, आणि जाताना उष्णता घेऊन जातं.

मिथेनॉल हेच करतं, आणि नंतर जळतंही. एक किलो पेट्रोलची वाफ करायला सुमारे 350 किलोज्यूल लागतात, मिथेनॉलची करायला 1100. शिवाय तेवढ्याच हवेत मिथेनॉल वजनानं दुपटीहून जास्त घालावं लागतं. दोन्ही धरून हवेच्या किलोमागे पेट्रोल 24 किलोज्यूल ओढून घेतं आणि मिथेनॉल 170. एक किलो हवा एक अंशानं उतरवायला साधारण एक किलोज्यूल काढून घ्यावा लागतो. म्हणजे कागदावर पेट्रोल हवा 24 अंशांनी उतरवतं, मिथेनॉल 170 अंशांनी. ब्लोअरनं तापवलेलं सगळं परत, वर थोडं आणखी.

'कागदावर' हा शब्द मी मुद्दाम वापरला. पावसाळ्यात कूलर का काम करत नाही? हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी वाफेला जागाच उरत नाही. इनटेकमध्येही, म्हणजे हवा इंजिनात शिरते त्या वाटेतही, तसंच घडतं. हवा थंड होत जाते तशी तिच्यात मिथेनॉलची वाफ कमी मावते, म्हणून सगळं मिथेनॉल तिथे उडत नाही. उरलेलं थेंबांच्या रूपात सिलिंडरमध्ये शिरतं. मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते. तो माल वाया जात नाही. पिस्टन वर येताना हवा तापू लागते, तेव्हा ते थेंब वाफ होऊन तिथली उष्णता खातात, नेमकी नॉकिंगची भीती असते त्याच क्षणी. म्हणून शर्यतवाले इंधन ब्लोअरच्या तोंडावरच फवारतात, की आधी रोटर थंड होतील, मग हवा, मग सिलिंडर. धावून आलेल्या इंजिनाच्या इनटेकला कधी कधी हात लावला तर गार लागतो, त्यावर दंवही धरलेलं दिसतं. एक्झॉस्टमधून आग ओकणाऱ्या यंत्राच्या अंगावर दंव!

मग पेट्रोलनं काय घोडं मारलं? काहीच नाही. जी गाडी रस्त्यावरही चालवायची आहे, तिला पेट्रोलच बरं. ब्लोअरचा दाब माफक ठेवायचा, मध्ये दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर बसवायचा, जास्त ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंगला सहज दाद न देणारं, पेट्रोल घालायचं. मधला मार्गही आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत 'एमडब्ल्यू 50' नावाचं अर्धं पाणी-अर्धं मिथेनॉल असं मिश्रण, जास्त ताकदीची गरज पडली की इंजिनात फवारत. जळायचं पेट्रोलनं आणि थंड करायचं त्या मिश्रणानं. आजही हौशी लोक तसा छोटा पंप बसवतात. रस्त्यावरच्या इंजिनासाठी मला तो उपाय सर्वांत समंजस वाटतो.

मिथेनॉलचे नखरे फार. पंप, नळ्या, नोझल सगळं दुपटीहून मोठं लागतं. ते हवेतलं पाणी ओढतं, अ‍ॅल्युमिनियम गंजवतं, काही जातींच्या रबराला फुगवतं. म्हणून शर्यत झाली की इंधनाची वाट धुऊन काढावी लागते. सिलिंडरच्या कडेनं ते ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल दुधाळ होतं. थंडीत सकाळी इंजिन लवकर उठत नाही, थोडं पेट्रोल शिंपडून उठवावं लागतं. आणि नॉकिंगला दाद न देणारं हे इंधन लालबुंद झालेल्या स्पार्क प्लगच्या टोकावर मात्र ठिणगीआधीच पेट घेतं, म्हणून प्लगही थंड जातीचे लागतात.

आगीचं तर वेगळंच. 1964 च्या इंडियानापोलिस 500 शर्यतीत पेट्रोलच्या भडक्यात एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोन चालक गेले. त्यानंतर त्या शर्यतींतून पेट्रोल हटलं आणि मिथेनॉल आलं, कारण मिथेनॉल पाण्यात मिसळतं आणि त्याची आग पाण्यानं विझते. पेट्रोल पाण्यावर तरंगत जळत राहतं. पण मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. 1981 साली त्याच मैदानावर इंधन भरताना रिक मीअर्स पेटला, आणि तो जळतोय हे आजूबाजूच्यांना पटकन कळेना. 2007 पासून तिथे इथेनॉल आलं.

आता 'दारू' या शब्दाकडे येतो, कारण तो आमच्याकडे जपून वापरायला हवा. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. मोहाच्या फुलांतून निघतं ते इथेनॉल. मिथेनॉल त्याचा भाऊबंद, दिसायला-वासाला जवळपास तसाच, पण विष. यकृतात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, ते डोळ्यांची नस मारतं आणि मग जीव घेतं. 2015 साली मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या गावठी दारूनं शंभरावर माणसं मेली. ते कातडीतूनही आत जातं. शर्यतवाले हातमोजे घालूनच ते हाताळतात. ज्या गावात रिकाम्या कॅनमध्ये पिण्याचं पाणी भरलं जातं, तिथे मिथेनॉलचा एक कॅनसुद्धा येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पोराला हे मी दोनदा सांगितलं.

"मंग आपल्याकडचं पंपावरचं इथेनॉल?"

पंपावरच्या ई-20 मध्ये इथेनॉल 20 टक्के. त्यानं थोडा गारवा मिळतो, पण कूलर होत नाही. निव्वळ इथेनॉल हवेच्या किलोमागे सुमारे 100 किलोज्यूल ओढतं, पेट्रोलच्या चौपट. ऊस, मका, तांदूळ यांपासून ते बनतं, ते जळताना दिसतं, आणि त्याचा नखरा मिथेनॉलहून कमी. उद्या आपल्याकडच्या कुणी सुपरचार्जरचं इंजिन बांधलं, तर मी त्याला इथेनॉलकडेच वळवीन.

पोरगा थोडा वेळ गप्प होता. मग उठून गॅरेजाच्या मागे उभ्या असलेल्या हार्वेस्टरकडे गेला. सोयाबीनचा हंगाम नुकताच उरकला होता. मालकाची तक्रार होती की इंजिन काळा धूर टाकते आणि दम धरत नाही. त्यानं टर्बोपुढच्या (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा भाता) इंटरकूलरची जाळी उघडली. पात्यांमध्ये भुसा आणि धूळ घट्ट बसली होती, वाऱ्याला वाटच नव्हती.

"आपल्या कूलरच्या ताटीवानीच झालं जी हे," तो म्हणाला, आणि ब्रश घ्यायला आत गेला.