हार्ट पेशंटला लस आधी, पण कुठल्या हार्ट पेशंटला?

१ मार्च २०२१ ला आपल्याकडे साठीच्या वरच्यांना आणि ४५ ते ५९ मधल्या आजारी लोकांना कोरोनाची लस सुरू झाली, तेव्हा बऱ्याच घरांत समज असा की हार्टचा त्रास आहे ना, मग नंबर लागणारच. पण सरकारच्या २० आजारांच्या यादीत नुसतं 'हार्ट' असं लिहिलेलंच नव्हतं.

हार्ट फेल्युअरसाठी वर्षभरात अ‍ॅडमिट झाला असाल तर चालेल, पंपिंग (दर ठोक्याला हार्ट आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) ४० टक्क्यांच्या खाली असेल तर चालेल, व्हॉल्व्हचा मध्यम किंवा गंभीर आजार असेल तरी चालेल. पण अटॅक येऊन गेलाय, बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालीय, तर सोबत बीपी किंवा शुगरची ट्रीटमेंटही चालू हवी! म्हणजे पन्नाशीचा माणूस, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेला, पण बीपी-शुगर नॉर्मल, तो थांबला १ एप्रिलपर्यंत, कारण त्या दिवशी ४५ च्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली. डोस कमी होते तेव्हा ज्याला दुहेरी धोका तो आधी, हा हिशोब मला पटतो.

मुळात हार्टवाल्यांना धोका का जास्त? ताप आला की हार्टरेट वाढतो, फुप्फुसं भरली की रक्तात ऑक्सिजन कमी पडतो, म्हणजे हार्टला काम जास्त आणि इंधन कमी. ज्याचं पंपिंगच ३० टक्के त्याने ही जादा ताकद आणायची कुठून? त्यात शरीरभर सूज उसळली की रक्त लवकर गोठायला लागतं, आणि धमनीत साचलेला चरबीचा थर फुटला तर तिथेच गुठळी होऊन अटॅक येतो. चीनमध्ये २०२० च्या सुरुवातीला ४४,६७२ पक्क्या केसेस तपासल्या तेव्हा एकूण मृत्यूदर २.३ टक्के होता, आणि हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांत १०.५ टक्के.

मला खरं खटकतं ते वयाचं. जन्मजात हृदयदोष आणि त्यामुळे फुप्फुसातल्या धमनीचं प्रेशर प्रचंड वाढलेलं, हा आजार यादीत होता, पण अशी पंचवीस वर्षांची मुलगी यादीत नव्हती, तिला १ मे पर्यंत थांबावं लागलं, आणि मधला एप्रिल कसा गेला ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ब्रिटनने जुनाट हृदयरोगवाल्यांना लसीच्या क्रमवारीतल्या सहाव्या गटात घेतलं ते १६ वर्षांपासून. आपल्याकडे निदान गंभीर आजारांना तरी वयाची अट नको होती.

आणि यादीत नाव असूनही काही जण घाबरून गेले नाहीत, 'रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, इंजेक्शन कसं घेऊ?' म्हणून. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असताना लस घेता येते, गोळी बंद करायची गरज नसते. वॉरफरिनसारखी गोळी असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी) ठरलेल्या मर्यादेत आहे ना ते बघायचं, बारीक सुई वापरायची आणि टोचल्यावर ती जागा काही मिनिटं दाबून धरायची, चोळायची नाही, बस्स.

हे फक्त कोरोनापुरतं नाही बरं का. हार्ट अटॅकनंतर लगेच फ्लूची लस देऊन पाहिलेली एक मोठी ट्रायल २०२१ मध्ये आली, साधारण अडीच हजार पेशंट, कोरोनामुळे ती वेळेआधी थांबवावी लागली. तरी वर्षभरात मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा स्टेंटमध्ये गुठळी हे सगळं मिळून लस घेतलेल्यांत ५.३ टक्के आणि न घेतलेल्यांत ७.२ टक्के निघालं. तर घरात कुणाला अटॅक येऊन गेला असेल तर पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांना फ्लूच्या लसीचं नक्की विचारा.