माउंटन बाइकचा रुंद टायर : चिखल व मिश्र वाटा

साधारण २.२ ते २.६ इंच रुंदीच्या, ठसठशीत नॉब (पकडीसाठीचे रबरी उंचवटे) असलेल्या सायकल टायरला माउंटन बाइकच्या जगात आज रुंद टायर म्हणतात. २.८ ते ३ इंचांचे टायर ‘प्लस’ आणि साडेतीन इंचांच्या पुढचे ‘फॅट’ या वर्गात मोडतात. चिखल, मुरूम, ओले दगड आणि झाडांची मुळे एकाच फेरीत लागणाऱ्या वाटेला ‘मिश्र वाट’ म्हणतात. अशा वाटेसाठी दुकानात सर्रास ‘जेवढा रुंद तेवढा चांगला’ असा सल्ला मिळतो. तो अर्धाच खरा आहे. टायर निवडण्याआधी चिखल ओळखावा लागतो, आणि चिखलाची जात शेतकऱ्याइतकी सायकलवाल्यांना क्वचितच कळते.

रुंद टायर मूळचा डोंगरातला नाही. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ साली २६ इंची चाकासाठी २.१२५ इंच रुंदीचा फुगीर ‘बलून’ टायर अमेरिकेत रूढ केला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी तशाच जुन्या सायकली माउंट टॅमल्पायसच्या परिसरातील उतारांवरून पिटाळू लागली. तेथील ‘रिपॅक’ शर्यत १९७६ साली सुरू झाली. एका उतारातच मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. माउंटन बाइकला २६ इंची चाक मिळाले ते या टायरमुळे. पुढे २९ आणि २७.५ इंची चाकांनी त्याची जागा घेतली. सर्ली कंपनीची ३.७ इंची टायरची पग्सली ही सायकल २००५ साली आली, पण तिचा रोख बर्फ आणि वाळूवर होता.

खाली मुरूम किंवा खडक आणि वर दोन-तीन बोटे पातळ राबडा असेल, तर रुंद टायर त्यावर तरंगतो आणि घसरतो. अरुंद, उंच नॉबांचा टायर राबडा कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी धाव हेच करीत असे; रस्त्याला खोल चाकोऱ्या पडत, पण गाडी तळ धरून चाले. बेल्जियममधील सायक्लोक्रॉस (आडरानातल्या सायकल) शर्यती अक्षरशः चिखलात होतात आणि तेथे टायरच्या रुंदीवर ३३ मिलिमीटरची मर्यादा आहे. तेवढ्यावर खेळाडूंचे भागते. याउलट भाताच्या खाचरालगतची वाट, तळ्याकाठची पाणथळ जागा, अशा तळच न लागणाऱ्या मऊ जमिनीत अरुंद चाक रुतते. तेथे बैलगाडीलाही रबरी टायरच बरे आणि सायकललाही अडीच इंची.

तिसरा चिखल चिकट. दख्खनच्या पठारावर बेसाल्ट झिजून तयार झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटाची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि ज्याला लागेल त्याला धरून ठेवते. जुलैत अशा गाडीवाटेवर सायकल घातली, की पहिल्या दहा-वीस मीटरमध्ये नॉबांमधल्या फटी बुजतात. मग टायरवर थरावर थर चढत जातो, त्यात गवताची पाती आणि खडे मिसळतात, आणि तो लगदा फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) कमानीखाली व पेडलच्या मागे, दोन नळ्यांच्या बेचक्यात ठासला जातो. चाक फिरायचे थांबते. काडीने खरवडावे, तर काडी मोडते. येथे टायर जितका रुंद, तितका फ्रेममधला मोकळा वाव कमी, म्हणजे रुंदी उलट अंगावर येते. खरे तर या मातीत कोणताही टायर चालत नाही. सायकल खांद्यावर घ्यावी किंवा दोन उघडिपीचे दिवस जाऊ द्यावेत. माती वाफशावर आली, की तीच वाट उत्तम पकड देते. कोकण-गोव्याकडचा जांभा इतका चिवट नसतो. त्यात पाणी मुरते आणि वाट लवकर मोकळी होते. धोका असतो तो शेवाळलेल्या चिऱ्यांचा.

चिखलासाठी टायर पाहताना म्हणूनच रुंदीच्या आधी नॉबांमधले अंतर पाहावे. नॉब उंच आणि विरळ असले, की चाक फिरताना माती झटकली जाते. दाट, ठेंगणे नॉब कोरड्या घट्ट जमिनीवर वेगाने पळतात, पण पावसात पाच मिनिटांत मातीने बुजून गुळगुळीत होतात. श्वाल्बे कंपनीचा मॅजिक मेरी आणि मॅक्सिस कंपनीचा शॉर्टी ही विरळ नॉबांची परिचित उदाहरणे. निव्वळ चिखलासाठीच्या टायरचे नॉब खिळ्यांसारखे लांब असतात. दगडांवर ते वाकतात आणि सायकल डुगडुगते. त्यामुळे उतारशर्यतीतले खेळाडू ते कात्रीने छाटून बुटके करीत. शॉर्टी म्हणजे जवळजवळ तसा कारखान्यातूनच छाटून आलेला टायर.

ओल्या बेसाल्टवर आणि मुळांवर नॉब रुतूच शकत नाहीत. तेथे उपयोगी पडतो तो रबराचा मऊपणा. तो शोर ए या मापात सांगतात. ४२ च्या आसपासचे रबर मऊ व चिकट, ६० च्या आसपासचे कडक व टिकाऊ. मऊ रबर झपाट्याने झिजते, आणि मागच्या चाकावर तर फारच. पुढे मऊ व रुंद, मागे किंचित कडक व अरुंद ही जोडी त्यामुळे रूढ झाली आहे. पुढचे चाक घसरले तर माणूस पडतो. मागचे घसरले तर बहुतेक वेळा सावरता येते.

रुंदीचा खरा फायदा जमिनीला जास्त रबर टेकण्यात आहे, असे वाटते. पण हवेचा दाब तोच ठेवला, तर टेकणारे क्षेत्रफळ रुंद-अरुंद दोन्ही टायरांत जवळपास सारखे असते. फक्त आकार बदलतो. मागच्या चाकावर ५४ किलो भार असेल तर २५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाला सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर, आणि २० पीएसआयला सुमारे ३८. हा कागदावरचा हिशोब झाला, टायरच्या ताठपणाने त्यात फरक पडतो. फायदा आहे तो असा, की रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवूनही रिम दगडावर आपटत नाही. रुंद टायर घेऊन त्यात ४० पीएसआय हवा मारणे म्हणजे पैसे फुकट घालवणे. टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला असल्यास मध्यम वजनाच्या माणसाला पुढे २० ते २३ आणि मागे २३ ते २६ पासून सुरुवात करता येते. ट्यूब असेल तर थोडी जास्त हवा हवी, नाहीतर रिम आणि दगडाच्या चिमट्यात ट्यूब सापडून तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात.

टायरच्या बाजूवर कोरलेला ‘६१-६२२’ सारखा आकडा इंचांपेक्षा भरवशाचा. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये (६१ म्हणजे २.४ इंच), दुसरा रिमवर टायर बसतो तेथील व्यास. २९ इंची चाकाला ६२२, २७.५ ला ५८४, जुन्या २६ ला ५५९. दुसरा आकडा जुळला नाही, तर टायर बसतच नाही. पहिल्यात थोडे मागेपुढे चालते, पण रिमची आतली रुंदी बघावी लागते. २.३ ते २.५ इंची टायरला २५ ते ३० मिलिमीटरची रिम योग्य. १९ मिलिमीटरच्या जुन्या रिमवर तो दिव्याच्या बल्बसारखा फुगतो आणि कमी हवेवर वळणात आडवा लोळतो. फ्रेममध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना व वर निदान सहा मिलिमीटर मोकळी जागा राहावी. चिखलात जायचे असेल तर बोट सहज आत जाईल एवढी. आणि बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेने ठेवावा, घाईत टायर उलटा बसतो.

महाराष्ट्रातील पठारी वाटांवर पंक्चरचे मोठे कारण म्हणजे बाभळीचा काटा. ट्यूब काढून आत पातळ सीलंट (भोक बुजवणारे द्रव) भरलेला टायर अशा काट्याला पुरतो. एका चाकाला साधारण ६० ते १२० मिलिलिटर लागते, आणि उन्हाळ्यात ते वाळून जात असल्याने दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावे लागते. रुंद टायरला ते थोडे जास्त. वाटेत काटा रुतलेला दिसला, तर तो उपटायचा मोह आवरावा. घरी पोचेपर्यंत तोच बूच असतो.